कोरड्या पायांचं कलम

समुद्राची पातळी टिपणाऱ्या ओहोटीलेखकाची सुई सकाळपासून खालीच चालली होती. डॉ. अद्वैत सारंगांनी काचेवर दोनदा टिचकी मारून पाहिली. यंत्र बिघडलेलं निघालं असतं तर आज त्यांनी पेढे वाटले असते. पण यंत्र ठणठणीत होतं.

"किती?" मागून तन्वीबाई चोडणेकरांनी विचारलं. नवं खारमाळ या स्वशासित बेटाच्या त्या द्वीपप्रमुख. वय एकोणसत्तर. गेला आठवडाभर त्यांनी कचेरी सोडून वेधशाळेतल्या या स्टुलावरच मुक्काम ठोकला होता.

"दुपारी दीडला पूर्ण सुकती. सामुद्रधुनीत घोटाभरही पाणी उरणार नाही."

"म्हणजे रोका चालत येणार."

"चालत येणार, बाई."

रोका हा मुख्यभूमीचा पाहणी अधिकारी. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या सुकतीला बेटावर येऊन त्यानं एकच गोष्ट तपासायची, असं सनदेच्या चौथ्या कलमात होतं. 'राजधानीच्या शासनभवनातून निघालेला माणूस पाय न भिजवता आमच्या धक्क्यावर पोचू शकत नाही, तोवर हे बेट, आणि तोवर त्याचं स्वशासन.' सामुद्रधुनीत चर खणून आणलेलं पाणी धरायचं नाही, अशी तळटीपही होती. आणि स्वशासन संपलं तर इथल्या अकराशे चाळीस माणसांची मुख्यभूमीच्या सात जिल्ह्यांत वाटणी करायची, हे पुरवणीत लिहिलं होतं. शाळा नाही, भाषा नाही, शेजार नाही. एकदा उखडलेलं गाव दुसऱ्यांदा उखडायचं आणि या वेळी तुकडे करून.

हे दिवटं कलम लिहिलं कुणी? तन्वीबाईंनीच. एकेचाळीस वर्षांपूर्वी कोकणातलं खारमाळ समुद्रानं गिळलं, तेव्हा दक्षिण ध्रुवाजवळच्या या ओसाड बेटासाठी त्या मुख्यभूमीशी भांडल्या होत्या. ज्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात होडी वल्हवली, त्यांना समुद्र उतरेल हे सुचणार कसं? अट घालायचीच तर कधी न मोडणारी घालू, म्हणून त्यांनी ऐटीत हे वाक्य लिहिलं. शासनभवनाचा उल्लेख नुसता वजन यावं म्हणून. सही करताना त्या हसल्या होत्या, याची आता त्यांना लाज वाटत होती.

"जगभर पाणी चढतंय आणि आमच्याच दारातून पळतंय," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांगा. सोपं करून."

सारंगांनी खिडकीतून दक्षिणेकडे बोट दाखवलं. "तिकडचा बर्फ म्हणजे डोंगरांच्या रांगाच होत्या. एवढं वस्तुमान असलं की ते समुद्राला स्वतःकडे ओढतं. आम्ही त्याला हिमओढ म्हणतो. त्या ओढीमुळे बर्फाभोवती पाण्याचा फुगवटा धरला गेला होता आणि आपण त्या फुगवट्यात राहत होतो. बर्फ वितळला, ओढ सैल झाली, फुगवटा ओसरला. शिवाय वरचं ओझं गेल्यामुळे इथली जमीनही हळूहळू उचलली जातेय."

"आणि ते पाणी गेलं कुठे?"

"लांब, हजारो किलोमीटर उत्तरेला. इथून सुटलेलं पाणी आणि वितळलेलं पाणी, दोन्ही तिकडेच चढणार."

तन्वीबाईंनी स्टूल सारंगांजवळ ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "अद्वैत, नोंदीत दोन फूट पाणी लिहा."

आजवर त्यांनी डॉक्टरांना नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. सारंगांना त्यांच्याकडे बघवेना. "लिहिलं असतं, बाई. पण तो नोंद वाचायला येत नाहीये. तो चालायला येतोय."

दीड वाजता दोघं धक्क्यावर उभे होते. तन्वीबाईंच्या हातात स्वशासनाच्या शिक्क्याची डबी होती. मुकाट्यानं द्यायची, लोकांसमोर रडायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. दूर उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या राजधानीकडून पंधरा दिवसांत एक संदेश नव्हता. पण त्या कचेरीचा खाक्याच तसा, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं.

रोका वाळूवरून आला. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. त्यानं धक्क्याच्या पायरीवर बसून बूट काढले. मोजे कोरडे ठक्क होते.

तन्वीबाईंनी डबी पुढे केली. "घ्या."

"ती राहू द्या," रोका म्हणाला. "मी पाय न भिजवता आलो, असं लिहू शकत नाही."

"मोजे दिसतायत मला."

"कलमात 'शासनभवनातून निघालेला माणूस' असं आहे. शब्द तुमचेच. समुद्रभिंत फुटून सतरा दिवस झाले. मी निघालो तेव्हा शासनभवनाच्या पायऱ्यांवर छातीएवढं पाणी होतं. राजधानी गेली, बाई. तुमचं स्वशासन शाबूत आहे."

तन्वीबाईंनी डबी मागे घेतली. त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. इतका आनंद झाला की त्याची त्यांना भीती वाटली. सुटलो, एवढंच मनात येत होतं, आणि कुणाच्या जिवावर सुटलो ते लगेच ध्यानात आलं.

रोकानं कोटातून एक कागद काढला. "म्हणूनच हा अर्ज. स्वशासित प्रदेशात शिरायला द्वीपप्रमुखांची परवानगी लागते. दक्षिणेकडची आमची गावं भरली. समुद्र उतरतोय असा एवढाच टापू उरलाय."

माणसांच्या संख्येपुढची जागा कोरी होती.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

"मोजायचं सोडून दिलं आम्ही."

सारंगांनी त्यांच्या खांद्याला हात लावून समोर बघायला सांगितलं. सामुद्रधुनीच्या उघड्या तळावरून माणसं येत होती. रांगेचं दुसरं टोक दिसत नव्हतं. आज डबी हातातून गेली असती तर हो किंवा नाही म्हणायची पाळी तन्वीबाईंवर आलीच नसती. नाही म्हणायचा हक्क त्यांनी एकेचाळीस वर्षं जपला होता आणि तो आता त्यांच्याच मांडीवर होता.

रांग जवळ आली. कोरड्या वाळूवरून चालतानाही सगळ्यांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या होत्या. तन्वीबाईंना ती सवय ठाऊक होती. इथं आल्यावर त्यांची आई दोन वर्षं घरातसुद्धा साडी वर खोचूनच वावरायची.

"विहिरी चारच आहेत, हे त्यांना आधी सांगा," त्या रोकाला म्हणाल्या आणि त्यांनी शिक्क्याची डबी उघडली.