केसाएवढी फट

पडद्यावर चाकू अलगद उघडत-मिटत होता. मग त्याच आराखड्यावरून आईने छापलेला चाकू उघडत का नव्हता?

ऋजुता खुर्चीतून उठली, पुन्हा बसली. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीपासून आई फार लांब, एका छोट्या संशोधनतळावर एकटी होती. तिथल्या सौरपॅनेलभोवती दोर गुरफटला होता. पॅनेल सूर्याकडे वळत नव्हतं आणि बॅटरी उतरत चालली होती. दोर कापायला मिटणारा चाकूच हवा. उघडं पातं नेताना अंतराळपोशाखाला लागलं तर पोशाखच फाटायचा. चाकू इतक्या लवकर पोहोचणार नव्हता, पण रेडिओवरून आराखडा पोहोचत होता आणि आईकडे धातूच्या वस्तू छापणारं यंत्र होतं.

म्हणून ऋजुताने विभाआत्याचा चाकू खोलून प्रत्येक भाग पट्टीने मोजला होता.

"आत्या, पातं ज्या खिळीवर फिरतं ती चार मिलिमीटर, तिचं भोकही चार. चुकलं कुठे?"

विभाआत्या वसाहतीची अभियंता. तिने खीळ भोकात सरकवली. "फिरव बरं."

खीळ फिरली.

"दोन्ही मापं अगदी सारखी असती, तर फिरली असती?"

"नाही... म्हणजे भोक मोठं आहे! मग पट्टीवर दिसलं कसं नाही?"

आत्याने डिजिटल कॅलिपर (मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवणारं साधन) पुढे केला. घाईत ऋजुताने तो जोरात दाबला. दर वेळी आकडा वेगळा आला.

"दाबू नकोस. श्वास घे."

खीळ ३.९८. भोक ४.०६.

"केसाएवढी फट!"

"तिला मोकळीक म्हणतात (भाग फिरावा म्हणून मुद्दाम सोडलेली जागा). पडद्यावरच्या रेषा एकमेकींना घासत नाहीत, धातू घासतो. पण फट जास्त झाली, तर पातं डुगडुगेल."

ऋजुता आकडे बदलू लागली आणि थबकली. आईचं यंत्र तरी नेमकं छापतं का? तिने रेडिओ उचलला.

"आई, खीळ काढून तिथलं भोक मोज ना! मी चार सांगितलं होतं."

"३.९४ भरतंय गं. आणि खीळ चारच आहे."

"म्हणजे तुझं यंत्र भोक बारीक छापतं. मी तेवढं वाढवून, वर मोकळीकही देते."

नवा आराखडा गेला. ऋजुता दारापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली. मग रेडिओ खरखरला.

"ऋजू, उघडतोय! मिटतोयसुद्धा! मी बाहेर निघाले."

पुढचा निरोप यायला फार वेळ लागला. "दोर कापला. पॅनेल वळलं. बॅटरी चढतेय, बाळा."

ऋजुता अखेर खुर्चीत टेकली. पण क्षणभरच.

"आत्या, दूरच्या तळांवर आणखी काय काय नसतं?"

"पुष्कळ काही."

"मग पुढचं काय खोलूया?"