चौथ्या आवृत्तीचा पत्ता

पुस्तक ग्रंथालयात होतं आणि नव्हतंही. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि उल्का भानारकर ही बारा वर्षांची मुलगी झिलबोडी गावच्या ग्रंथालयात नोंद्यासमोर कपाळाला हात लावून उभी होती.

नोंद्या म्हणजे ग्रंथालयाचा यंत्रमानव. तीन चाकं, पोटावर मोठा पडदा आणि आवाज इतका नम्र की ऐकणाऱ्याला राग यावा.

"‘तळ्यातील माशांचे आजार’, चौथी आवृत्ती. उपलब्ध आहे," नोंद्या म्हणाला.

"मग उघड ना!"

पडद्यावर पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर स्वच्छ लिहिलं होतं : दुसरी आवृत्ती.

"ही दुसरी आहे. मला चौथी हवी. हे तुला पाचव्यांदा सांगतेय मी!"

"आपण मागितलेली चौथी आवृत्ती उघडली आहे. आणखी काही मदत करू?"

उल्काला रडूच फुटायचं बाकी होतं. गावच्या तलावात तिची आई आणि इतर अकरा बायका मिळून मासे वाढवत होत्या. तरंगत्या पिंजऱ्यांमध्ये रोहू-कटल्याची चाळीस हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) होती. परवापासून त्यांच्या अंगावर लाल चट्टे दिसू लागले, आणि आज पहाटे पाण्यावर दोनशे मेलेली पिल्लं तरंगत होती. मासे-डॉक्टर पूर आलेल्या भागात अडकले होते. ते चार दिवस येऊ शकणार नव्हते. फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं होतं : "चौथी आवृत्ती काढा, दहावं प्रकरण. पाच दिवसांचा उपचार आहे, रोजची कृती वेगळी. आणि हे बघा, दुसरी आवृत्ती अजिबात वापरू नका. तिच्यात औषधाचं प्रमाण दहापट चुकीचं छापलंय. उरलेली पिल्लंही मरतील."

आतल्या खोलीतून वैरागडे मॅडम बाहेर आल्या. डॉ. पुष्पलता वैरागडे. उपग्रहांकडून येणाऱ्या माहितीवर त्यांनी तीस वर्षं संशोधन केलं होतं आणि निवृत्तीनंतर गावचं ग्रंथालय सांभाळायला घेतलं होतं. नोंद्यापेक्षा उपग्रह जास्त शहाणे होते, असं त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत.

"काय झालं गं? कोणावर ओरडतेस?"

उल्काने सगळं सांगितलं. मॅडमनी पडद्यावर चार ठिकाणी बोट लावलं आणि मोठा सुस्कारा सोडला. "पुस्तक चुकीचं नाही. पुस्तकाचा मेटाडेटा चुकलाय."

"म्हणजे?"

"मेटाडेटा (माहितीविषयीची माहिती). पुस्तकाचं नाव, लेखक, कितवी आवृत्ती, ओळखक्रमांक आणि ते नेमकं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. कागदी पुस्तक कपाटात असतं, चुकीच्या फळीवर गेलं तरी डोळ्यांना दिसतं. हे ई-पुस्तक. ते आपल्याकडे नाहीच. ते दूर कुठल्यातरी संगणकात आहे. आपल्याकडे आहे फक्त ही एक ओळ. ओळ चुकली की पुस्तक हरवलं."

"मग ओळ दुरुस्त करा ना, मॅडम!"

मॅडमनी प्रकाशकाचं पान शोधलं. तिथे चौथ्या आवृत्तीचा ओळखक्रमांक होता. तो त्यांनी नोंद्याच्या यादीत हाताने भरला. या वेळी मुखपृष्ठावर खरोखरच ‘चौथी आवृत्ती’ आलं. उल्काने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, मिळालं पुस्तक! तुझ्या टॅबवर ग्रंथालय उघड, दहावं प्रकरण."

"आता पिंजरे साफ करून राहिलो बाई आम्ही. दोन वाजता औषध कालवतो, तेव्हा पाहीन," आई म्हणाली.

उल्का घरी गेली, जेवली आणि दोनच्या सुमारास तलावावर पोचली. काठावर मोठ्या टाकीत पाणी भरलेलं होतं. आईने टॅब विटेला टेकवून ठेवला होता आणि वाचता वाचता ती मापाने औषध काढत होती. पाच मापं बाजूला काढून झाली होती.

"एवढं?" उल्काने विचारलं.

"पुस्तकात लिवलं तेवढंच."

उल्काने टॅब उचलला आणि पानं मागे सरकवत मुखपृष्ठ काढलं. दुसरी आवृत्ती!

"आई, थांब! टाकू नको! हे जुनं आहे!"

औषधाचं भांडं उचलून टाकीवर धरलेला आईचा हात तिथेच थांबला. बाकीच्या बायका गोळा झाल्या. "सकाळी तर तू म्हणाली का नवीन मिळालं म्हणून," आई म्हणाली. "माह्या हातानं मारली असती नं मी सारी पिल्लं."

तिने स्वतःच्या डोळ्यांनी चौथी आवृत्ती पाहिली होती. तिने मॅडमना फोन केला. मॅडमनी यादी पाहिली आणि पलीकडून टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला.

"एक वाजता वितरकाची यादी आली आणि माझी दुरुस्ती पुसून गेली! थांब, पुन्हा भरते. आईला म्हणावं, मुखपृष्ठ बघितल्याशिवाय एक थेंब टाकू नका."

दोन मिनिटांत चौथी आवृत्ती परत आली. पाच मापांच्या जागी अर्धं माप औषध टाकीत पडलं. ते पिंजऱ्यांत सोडेपर्यंत उल्का आईजवळून हलली नाही. मग ती तडक ग्रंथालयात गेली.

"मॅडम, हा वितरक कोण? तो तुमचं बरोबर लिहिलेलं का पुसतो?"

मॅडमनी तिला खुर्ची दिली. त्याही वैतागल्या होत्या, पण प्रश्न चांगला होता.

"हे बघ. पुस्तक काढतो तो प्रकाशक. पुस्तकाची पहिली ओळ तोच लिहितो. प्रकाशक शेकडो आहेत. प्रत्येक ग्रंथालय प्रत्येकाकडे कुठे जाणार? म्हणून मध्ये वितरक असतो (अनेक प्रकाशकांची पुस्तकं एकत्र करून ग्रंथालयांना पुरवणारी संस्था). सगळ्यांच्या ओळी गोळा करून तो एक मोठी यादी करतो आणि रोज दुपारी एक वाजता आपल्याला पाठवतो. नोंद्या जुनी यादी काढून टाकतो आणि नवी लावतो."

"म्हणजे तुम्ही नळाखालचं पाणी गाळलं, पण गढूळ पाणी वरूनच येतंय."

"अगदी. उद्या एक वाजता पुन्हा गढूळ."

"आणि हीच यादी आणखी किती ग्रंथालयांत जाते?"

मॅडमनी पडद्यावर आकडा शोधला. "एकशे बारा."

उल्काच्या डोळ्यांसमोर एकशे बारा गावं आली. त्यांतल्या कितीतरी गावांत तळी असणार. "मग वरच जाऊ या, मॅडम. आत्ता."

वर जाणं सोपं नव्हतं. वितरकाकडच्या तुषार लोणारे नावाच्या माणसाने फोनवर शांतपणे सांगितलं, "प्रकाशकाने जे पाठवलं तेच आम्ही पुढे देतो. तुम्ही त्यांच्याशी बोला." प्रकाशकाकडच्या नीलांबरी केतकर म्हणाल्या, "आम्ही तर गेल्या वर्षीच दुरुस्त ओळ पाठवली. वितरकाने लावली नसेल. तुम्ही त्यांच्याशी बोला." पुन्हा लोणारे : "अशी ओळ आमच्या यादीत नाहीच." पुन्हा केतकरबाई : "पाठवल्याची पोच आहे माझ्याकडे!" नोंद्या मध्येच म्हणाला, "आपल्या संयमाबद्दल आभारी आहे."

"तू गप्प बस!" मॅडम आणि उल्का एकदमच ओरडल्या.

मग उल्का म्हणाली, "मॅडम, हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. फक्त आपल्याशी बोलतात. दोघांना एकाच पडद्यावर आणा."

मॅडमनी तसं केलं. आपापल्या खिडकीत दोघंही कपाळाला आठ्या घालून बसले. कोणी भांडण सुरू करायच्या आत उल्काने सकाळपासून दुपारपर्यंतचं सगळं सांगितलं. टाकीवर थांबलेला आईचा हातसुद्धा.

"मला फक्त तुमच्या दोघांच्या ओळी शेजारी शेजारी दाखवा," ती म्हणाली.

पडद्यावर आधी वितरकाच्या यादीतल्या दोन ओळी आल्या. दुसरी आवृत्ती, चौथी आवृत्ती. उल्का त्यांवरून बोट फिरवत गेली. नावं बरोबर, वर्षं बरोबर. ओळखक्रमांकाशी बोट थांबलं.

"दोन्हींचा शेवट चारशे सतरा आहे. दोन पुस्तकांना एकच क्रमांक कसा?"

केतकरबाईंनी चष्मा वर केला. "अरे देवा. नवीन ओळ करताना कोणीतरी जुनी ओळ तशीच उतरवली आणि क्रमांक बदलायचा राहिला."

"आणि यंत्र पुस्तक क्रमांकावरूनच ओळखतं," मॅडम उल्काला म्हणाल्या. "नाव वाचून माणसाला फरक कळतो. यंत्राच्या दृष्टीने क्रमांक एक म्हणजे पुस्तक एक. म्हणून नोंद्या ठामपणे सांगत होता, चौथीच उघडली आहे."

"पण ती चूक आम्ही सुधारली होती," केतकरबाई म्हणाल्या. त्यांनी गेल्या वर्षी पाठवलेली ओळ दाखवली. तिच्यातला क्रमांक खरोखरच वेगळा होता.

"मग ही ओळ गेली कुठे?" उल्काने विचारलं.

लोणारे आपल्या संगणकात शोधू लागले. पाच मिनिटं गेली. मग त्यांचा चेहरा पडला.

"आमच्या यंत्राला तारखेत आधी वर्ष लागतं, मग महिना, मग दिवस. यांनी आधी दिवस लिहिलाय, बारा तारीख. यंत्राला वाटलं, पुस्तक इसवी सन बारामधलं आहे. त्याने ओळ नाकारून बाजूला टाकली."

"आणि कोणाला सांगितलं नाही?"

"नाकारलेल्या ओळींचा एक वेगळा कप्पा आहे. तो... कोणी उघडत नाही."

"किती ओळी आहेत त्यात?" मॅडमनी विचारलं.

"सहा हजार दोनशे चौदा."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. त्या आता काय बोलतील या भीतीने लोणारे खिडकीत मागे सरकले.

"चुका माणसं करणार," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण चूक कळवायला रस्ता तरी हवा की नको? तुमची माहिती वरून खाली धो धो वाहते. खालून वर एक शब्द चढत नाही. माझ्यासारखी एकशे बारा माणसं रोज एकच ओळ दुरुस्त करतील आणि रोज ती पुसली जाईल. प्रकाशक, वितरक, ग्रंथालय, तिघांनी लिहिण्याची एकच पद्धत ठरवा. ओळ नाकारली तर पाठवणाऱ्याला लगेच कळवा. आणि ग्रंथालयाने दाखवलेली चूक वरपर्यंत पोचू द्या. यात अवघड काय आहे? मी गुरूभोवती फिरणाऱ्या यानाशी याहून सोपं बोलत होते!"

केतकरबाईंनी तिथल्या तिथे तारीख उलटी करून ओळ पुन्हा पाठवली. लोणारेंनी ती स्वतः तपासून यादीत घातली. नंतर आपणहून म्हणाले, "नाकारलेला कप्पा मी उद्यापासून रोज उघडतो. आणि चूक कळवण्यासाठी एक साधा तक्ता करतो. त्यात काय काय हवं, ते ही मुलगी सांगेल का?"

उल्काने विचार केला. "कुठलं पुस्तक, काय चुकलं, काय हवं, आणि कोणाला घाई आहे. शेवटचं विसरू नका."

दुसऱ्या दिवशीही शाळेला सुट्टी होती. उल्का दुपारी एकच्या आधीच नोंद्यासमोर येऊन बसली. सकाळी पिंजऱ्यात चाळीस पिल्लं मेलेली सापडली होती. आदल्या दिवशी दोनशे होती. आई म्हणाली होती, अजून चार दिवस बाकी आहेत, पण पिल्लं खाद्य खायला लागली आहेत.

एक वाजला. यादी आली. जुनी गेली, नवी लागली. उल्काने पुस्तक उघडलं.

चौथी आवृत्ती. मॅडमनी कशालाही हात लावला नव्हता.

थोड्या वेळाने ग्रंथालयाचा फोन वाजला. फोन कोहळीटोला नावाच्या, तीन जिल्हे पलीकडच्या गावातून होता. तिथल्या ग्रंथपालबाई घाईघाईने बोलत होत्या. "आमच्या तळ्यावर रोग आलाय. आत्ता औषध कालवणार होतो, तेवढ्यात पुस्तक आपोआप बदललं आणि प्रमाण एकदम कमी झालं. वितरकाला विचारलं तर त्याने तुमचा नंबर दिला. आम्ही नेमकं कोणतं खरं मानायचं?"

मॅडमनी फोन उल्काच्या हातात दिला.

"नवीन खरं," उल्का म्हणाली. "औषध आधीच्या दहावा भागच. आधी मुखपृष्ठ बघा, मग दहावं प्रकरण उघडा. मी फोनवर थांबते, तुम्ही वाचा."

पलीकडून पानं सरकल्याचा आवाज आला आणि त्या बाई मोठ्याने वाचू लागल्या.