बंधाऱ्यावरची हाक

सदरा घेऊन निघाले तेव्हा भरदुपार होती. भावाचा जीव बंधाऱ्यावर अडकलाय, तो हाक मारून घरी आणायचा, एवढंच काम. घाबरलेल्या पोरांसाठी आमच्याकडे हे नेहमीच करतात. युनशान बावीस वर्षांचा घोडा, पण तीन दिवस आढ्याकडे बघत पडून होता. पाणीसुद्धा घशाखाली जाईना.

"परदेशी हाकला" म्हणत बंडवाल्यांत गेला होता मेला! अंगात देव येतो, मग गोळी लागत नाही म्हणे. मग परदेशी फौजा आल्या, गोरे, जपानी, सावळे फेटेवाले, आणि गोळी सगळ्यांनाच लागली. त्यांचेही चार-दोन बंधाऱ्यावरच पडले. युनशान तेवढा चिखलानं माखून रांगत घरी आला. घरी होते ते त्याचे बंडाचे लाल कपडे मी फौजेच्या भीतीनं आधीच चुलीत घातले होते, म्हणून हाकेसाठी, आला तेव्हा अंगात होता तोच सदरा घेतला.

"मागे वळून बघायचं नाही," सोबत आलेल्या शेजारच्या छाओकाकूनं बजावलं. "काही झालं तरी."

बंधाऱ्यावर ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. वारा नव्हता, तरी पानं सळसळत होती. कुजका, गोडसर वास. मी सदरा हलवला. "युनशान, घरी चल रे…"

"आला, आला," काकू रीतीप्रमाणे म्हणाली.

सदरा जड झाला. खरंच सांगते, ओल्या गोधडीएवढा. आम्ही परत फिरलो. पंधरा पावलं गेलो असू, तोच मागून युनशानचा आवाज.

"ताई… थांब ना…"

काकूनं माझं मनगट आवळलं. त्याचा जीव माझ्या हातातल्या सदऱ्यात आहे, तर मागे कोण? डोकंच चालेना. रडू फुटलं, पण मान वळवली नाही.

घरी सदरा त्याच्या अंगावर पसरला. वाळलेला चिखल गळून पडला, अन् काकू पुटपुटली, "अगं, ही पितळी बटणं… हा सदरा आपल्यातल्या कुणाचा नव्हे."

तेवढ्यात युनशान उठून बसला. तेच डोळे, हनुवटीवर तोच व्रण. मी हरखून राळ्याच्या भाताचा वाडगा पुढे ठेवला, जेवायच्या काड्या दिल्या.

काड्या त्यानं बाजूला सारल्या. तळहातावर पाणी घेऊन वाडग्याभोवती फिरवलं, बाजूला चिमटीचिमटीनं पाच ठिकाणी शितं मांडली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि उजव्या हाताच्या बोटांनी जेवू लागला. आमच्या गावात असं कुणीच जेवत नाही.

"युनशान," मी म्हटलं. तीनदा म्हटलं.

त्यानं वर पाहिलं नाही.