उंटिणीची खुशाली

जीवन डॉक्टरची एक खोड मले बिलकुल पटत नाही. माणूस जनावरांचा डॉक्टर, हाताले गुण, दिसालेही बरा. पण माझ्या नातीले, गार्गीले, रोज सांजच्याले फोन लावते अन् बोलते काय, तर उंटिणीबद्दल! "आज वडनेर भोलजीच्या शिवारात आहे. बाभळीचा पाला खाल्ला. तब्येत ठीक." झालं, फोन बंद. असं कोणी पोरीशी बोलते काय?

सुरुवात माझ्याच वावरात झाली. हरभरा निघाला की आम्ही धामणगावचे लोक गुजरातेतून येणाऱ्या काठेवाडी मेंढपाळायच्या मेंढ्या वावरात बसवतो, लेंडीखत मिळते. त्यायच्यातल्या वीराभाईच्या कळपासंगं बिऱ्हाड वाहाले एक उंटीण होती. गार्गी पुण्याहून सुटीवर आली, वावरात गेली, अन् उंटिणीनं तिच्या ओढणीचं टोक तोंडात धरलं. मेंढी तपासाले आलेला जीवन धावला.

"ओढू नका मॅडम. ते लय जिद्दी आहे."

"मीही आहे."

"ओढणी फाटन…"

"मग तुम्ही शिवून द्याल?"

"टाके घालतो मी… पण बैलायले."

गार्गी अशी हसली, की शारदा गेल्यापासून तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. शारदा माझी लेक, गार्गीची माय. कॅन्सरच्या गाठीनं नेली. गाठीपेक्षा औषधानंच तिले जास्त जाळलं.

म्हणून तर पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत गाठीवरच काम करते. मी चौथी शिकलेली, पण तिनं सांगितलं ते समजलं. आपल्या रक्तात रोग ओळखणारी अँटिबॉडी असते, ती मोठी. घट्ट गाठीत खोल शिरत नाही. उंटाच्या रक्तात तिची एक साधी जात असते, तिचं टोक तेवढं वेगळं काढता येते. ते एवढंसं टोक दाभणासारखं आत जाते. त्याच्या पाठीवर औषध बसवलं, की गाठीतच उतरावं, बाकी आंग जळू नये, अशी तिची खटपट. औषध व्हाले मात्र वर्षं लागतील म्हणे.

त्यासाठी गाठीतल्या एका प्रथिनाची सुई उंटिणीले दर आठवड्याले द्यायची, सहा येळा, अन् मग मानेच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. परवानगीचे कागद आले, वीराभाई राजी झाला. पण कळप काही एका गावात थांबते?

"मी जातो ना मागं," जीवन म्हणाला. भर उन्हात मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून गेलाही.

शेवटचं रक्त जळगाव जामोदजवळ घेतलं. मीही गेली होती. एवढ्या मोठ्या जनावराची मान धरताना त्याचा हात हालला नाही. गार्गीच्या हातात नळी देताना मात्र… तो ते सोडालेच विसरला. दोघंही उंटिणीकडंच पाहत राह्यले. हुशार जनावर, तिनंच तोंड फिरवलं.

रक्त पुण्याले गेलं, काम संपलं. फोन काही थांबले नाही. मंग एक दिवस वीराभाईनंच मले फोन केला, "माँजी, राम राम! आठ दिवस झाले, आम्ही गुजरातेत पोचलो."

अन् त्याच सांजी डॉक्टर गार्गीले फोनवर सांगून राह्यला, "आज बोरीचा पाला खाल्ला."

गार्गी तेव्हा पुन्हा सुटीवर घरीच होती. मी पकडलं तिले. "उंटीण तर गेली!"

"मले माहीत आहे, आजी." तिनं नजर खाली घातली.

"मंग रोज काऊन विचारतं, कशी आहे म्हणून?"

"नाही विचारलं, अन् त्यानं फोन बंद केला तर…? परवा मी पुण्याले चालली. त्यानं आपल्या तोंडानं बोलावं, आजी. तू मधात पडू नको."

मी कोणाच्या मधात पडत नाही. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बर्फाची रिकामी पेटी द्याले दारात उभा राह्यला. गार्गी पाणी घेऊन आली. तो पेटी सोडेना.

"उंटीण… मजेत आहे," तो म्हणाला.

"हो?" गार्गी हळूच म्हणाली. "अन् नसती तर?"

त्यानं पेटी छातीशी धरली. "नसती तर… मी कोणत्या बहाण्यानं फोन करू, गार्गी?"

पहिल्यांदा त्याच्या तोंडचं 'मॅडम' सुटलं. पोरीच्या डोळ्यात पाणी, ओठावर हसू, अन् हा पेटी कवटाळून खांबासारखा उभा! मले राहवलं नाही.

"डॉक्टर," मी म्हटलं, "लबाडीत तू अगदीच कच्चा आहे, म्हणून नातजावई मले पसंत आहे. उंटीण पोचली तिच्या घरी. आता ते पेटी ठेव खाली, अन् इथून पुढं सोताची खुशाली सांगत जा!"