मोठ्या मापाचा दट्ट्या

"मॅडम, तुमचे शॉकअप बसवल्यापासून माझी गाडी चालत नाही… उड्या मारते!"

गाडीचे हादरे शोषणारे शॉकअप बनवणाऱ्या कारखान्याच्या चाचणी विभागातल्या इंजिनिअर मुलीने मान वर केली. दारात रक्ततपासणी लॅबच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या आणायचं त्याचं काम. पण आठवड्यात अकरा नमुने हादऱ्यांनी नासले होते. आणखी एक नासला की त्याची दुसऱ्या शहरात बदली ठरलेली.

"चालवता कशी तुम्ही?"

"बसून बघा की!"

ती बसली. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला, नजर पेल्यावर… निदान तिथेच राहावी, त्याच्याकडे वळू नये म्हणून धडपड. मोठ्या चढउतारांवर गाडी शहाण्यासारखी चालली. बारीक खडीवर मात्र पाणी थेट तिच्या बाहीवर!

"हळूच चालवतोय हं मी."

"बोलू नका. मोजतेय."

"मला?"

"हादरे!" ती म्हणाली. पण हसू आलंच.

परतल्यावर तिने शॉकअप उघडला, आणि तिचे कान तापले. आतला दट्ट्या मोठा, पण तेल जायची भोकं मात्र जुन्याच मापाची. मोठा दट्ट्या जास्त तेल ढकलणार, ते इवल्या भोकांतून पटकन जाणार कसं? म्हणून शॉकअप ताठरायचा आणि बारीकसा धक्काही तसाच वर पोचायचा. मोठं ते चांगलं, असं धरून हे माप तिनेच निवडलं होतं.

अहवालात 'चालकाचा वेग' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तिने लिहिलेला अहवाल त्याच्यापुढे सरकवला.

"चूक माझी आहे. तसंच लिहिलंय."

त्याने दोनदा वाचलं. "साहेब फाडून खातील तुम्हाला."

"खाऊ देत. बदली तर टळेल… तुमची."

साहेबांनी तासभर फैलावर घेतलं. मग तिने दट्ट्याच्या मापाला साजेशी भोकं करून घेतली.

चौथ्या दिवशी तो पुन्हा दारात.

"परत नासला?" तिने हातातलं काम टाकलं.

"एकही नाही. बदली रद्द! गाडी झकास चालतेय." तो घुटमळला. "आता इथे यायला कारणच उरलं नाही… म्हणून बिनकारणाचा आलोय."

तिने घड्याळ पाहिलं. सुटायला वीस मिनिटं होती. तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. आणि हे अहो-जाहो पुरे आता."

तो बसला. कानापर्यंत लाल.

"बसतो… तू म्हणशील तितका वेळ."