अखंड दर्शन

घटस्थापनेला कुमुदकाकू देवस्थळींनी घट बसवला, अखंड दिवा लावला आणि दिवाणखान्यातली अख्खी पडदा-भिंत देवीच्या थेट दर्शनाला देऊन टाकली. दिवा विझू द्यायचा नाही, तर दर्शन तरी का मिटू द्यायचं? चित्राचा दर्जा त्यांनी सर्वांत वरचा ठेवला. देवीच्या बाबतीत कसली आलीय काटकसर! मग भिंत तशीच चालू ठेवून त्या खुशाल भोंडल्याला जाऊ लागल्या.

गेल्या वर्षापासून डेटा इमारतीला पाण्यासारखा वाट्याने मिळे. पहाटे गच्चीवरच्या पेटीत दिवसाचा साठा भरायचा आणि सगळी बिऱ्हाडं त्यातूनच ओढायची.

पाचव्या माळेला शेजारच्या बेबी नलावडे दारात आल्या. रडून डोळे सुजले होते.

"काकू, साठा दुपारीच संपतोय हो. ह्यांची पट्टी रोज बंद पडतीय."

लकव्याने नलावडेंची वाचा गेली होती. गळ्यातली स्वरपट्टी त्यांच्या घशातली थरथर दूरच्या संगणकाकडे पाठवी आणि तिथून ती शब्द होऊन परत येई.

"दिवसभर सिनेमे बघत असतील मेले!" कुमुदकाकू कडाडल्या. "लाज कशी वाटत नाही?"

"काल मी बाजारात गेले नि शिरीषचा फोन आला. साधाच फोन, त्याला साठा लागत नाही. भांडून घर सोडल्यापासून पहिल्यांदा. त्याला लकव्याचं काय ठाऊक? 'बाबा, बोला की,' म्हणत होता. हे जिवाच्या आकांतानं बोलत होते, पण पट्टी मुकी. त्याला वाटलं, ह्यांनी अजून अबोला धरलाय. ठेवून दिला फोन. आज सकाळी पट्टी चालल्यावर ह्यांनी सांगितलं. आता तो आमचा नंबर उचलत नाही."

चोर पकडायच्या आवेशात कुमुदकाकू जिन्यातल्या मीटरपाशी गेल्या. प्रत्येक बिऱ्हाडापुढे वापराची हिरवी रेघ होती. बाकीच्या बोटभर, त्यांची हातभर. बोलण्याला डेटा लागतो चिमूटभर, चित्राला पोतंभर. आणि त्यांचं पोतं तर रिकाम्या घरात सांडत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीटर अजून कुणी पाहिला नव्हता. भिंत बंद करून गप्प बसता आलं असतं. त्यांनी भिंत बंद केली, पण जेवण काही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी साठा भरल्यावर त्या नलावडेंपुढे उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमचा साठा मी खाल्ला," एवढंच जेमतेम म्हणाल्या. वर बघायची हिंमत होईना.

नलावडेंच्या पट्टीतून सपाट, परका आवाज आला. "तुमच्या फोनवरून शिरीषला लावा. हा आवाज तो ओळखणार नाही. आधी तुम्ही सांगा."

"हॅलो, कोण?"

"अरे शिरीष, मी देवस्थळी काकू." त्यांनी सगळं सांगितलं. लकवा, पट्टी आणि आपली भिंतही. "परवा बाबा बोलत होते रे. माझ्यापायी तुला ऐकू आलं नाही."

फोन त्यांनी नलावडेंपुढे धरला.

"शिरीष," पट्टी म्हणाली. "घरी ये."

नलावडे डोळे न मिटता फोनकडे बघत राहिले.

"काकू," अखेर शिरीष म्हणाला, "हा आवाज तर यंत्राचा आहे. हे बाबाच बोलतायत, हे तुमच्या शब्दावर मानू का मी?"