दुसरा बार

बसा, पण आधी ते मोबाईल खिशात घाला. तोंडावर असा निळा उजेड पडला की मला सांगायला जमत नाही. आणि मध्येच कोणी "मामा, हे खरं का?" असं विचारायचं नाही. त्या रात्री तिथे अँब्युलन्स घेऊन मीच गेलो होतो.

तारीख नऊ डिसेंबर, मंगळवार. गेल्या वर्षीचीच गोष्ट. मला निवृत्त व्हायला बावीस दिवस उरले होते.

माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता, बंदुका दुरुस्त करणारा. मोठ्या रस्त्याला त्याचं दुकान. मागे अंगण, अंगणात पुरुषभर उंच विटांची भिंत आणि भिंतीपलीकडे वीस पावलांवर मातीचा ढिगारा. दुरुस्त केलेल्या बंदुकीची चाचणी तो तिथे घ्यायचा. कोरड्या मातीवरून छर्रा उलटा फिरतो, म्हणून ढिगारा आणि त्याच्यापुढची जागा तो रोज संध्याकाळी पाण्याने भिजवायचा. माणूस असा की चहा पितानाही कप दोनदा तपासेल.

त्या दिवशी सहाच्या सुमाराला त्याच्याकडे एका जुन्या गिऱ्हाइकाचा पुतण्या आला. हातात गोणपाटात गुंडाळलेली दुनळी बंदूक. आठ महिन्यांपूर्वी त्याचे काका वारले होते. शेतात पाय घसरला, बंदूक पडली, आपोआप बार उडाला, असं सगळ्यांना माहीत होतं. कचेरीतून बंदूक नुकतीच परत मिळाली होती आणि परवाना आता पुतण्याच्या नावावर झाला होता.

"मिस्त्री, ही नक्की कोणती, किती जुनी, ते बघा," पुतण्या म्हणाला. "आणि वापरण्यालायक आहे असा दाखला द्या. रानडुकरांनी पीक ठेवलं नाही."

मिस्त्रीने बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग नळ्या सोडवल्या. तेलाचं फडकं फिरवल्यावर लोखंडावर नागमोडी रेषा दिसू लागल्या.

"पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या नळ्या आहेत. शंभर वर्षांच्या वरची असेल. खाली शिक्का बघ, ही काळ्या दारूसाठी पास केलेली आहे."

बंदुकीची दारू रे! लगेच हसू नका.

"आजचं लांब काडतूस हिच्यात बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड पुढे पूर्ण उघडत नाही. नळी फाटेल आणि तुझी बोटं ढिगाऱ्यावर जाऊन पडतील. हिला माझीच आखूड काडतुसं लागणार."

त्याने नळ्या दोऱ्याला टांगल्या आणि लाकडाने टकटक केलं. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. म्हणजे तडा नाही. घोडे अर्ध्यावर चढवून दस्ता फरशीवर आपटला, एकदा, दोनदा, पाचदा. घोडा हलला नाही. मग त्याने नळ्यांतून डोकावून पाहिलं आणि तो तसाच थांबला.

आता इथे मिस्त्रीचं चुकलं. वीस वर्षं ती बंदूक त्याच्याच हाताखालून गेलेली, काकांचा त्याला लळा. तोंडात तीळ भिजला नाही.

"ही पडून सुटणारी बंदूक नाही," तो म्हणाला. "आणि तुझे काका प्रत्येक वेळी साफ करून ठेवायचे. आज दोन्ही नळ्यांत काजळी आहे. चाप दोन आहेत, बाबा. एक बार चुकून उडतो... दुसऱ्याला बोट लागतं."



पुतण्याने उठून पुढचं शटर खाली ओढलं.

"त्यांनीच मला वाढवलं," तो म्हणाला. "आणि जमीन द्यायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा कोण? पहिल्या बाराला मेले नाहीत. माझं नाव घेत होते... चला, चाचणी घ्या. चालते का ते बघू. मग तुमचं काय करायचं ते बघू."

मिस्त्रीला कळायचं ते कळलं. बंदूक चांगली निघाली तर पुढचं काडतूस त्याच्यासाठी होतं. पुतण्याच्या हातात दुकानातलाच हातोडा होता. मिस्त्री म्हणतो, हातांना सवय होती, ते आपलं काम करत राहिले.

अंगणातला दिवा लावून त्याने बंदूक ट्रकच्या जुन्या टायरला करकचून बांधली. तोंड ढिगाऱ्याकडे. एक काडतूस, उजव्या नळीत. डावी रिकामी. उजव्या चापाला लांब दोरी बांधली, ती भिंतीतल्या विटेएवढ्या भोकातून मागे घेतली. दोघं भिंतीआड आले.

सात वाजून दहा मिनिटं.

मिस्त्रीने दोरी ओढली. घोडा खटकन पडला.

बार नाही.

"थांब. साठ मोजायचे. कधीकधी बार उशिरा उडतो," मिस्त्री म्हणाला आणि मोजू लागला.

वीस झाले. पुतण्याला धीर कुठला? हातोडा घेऊन तो निघाला. मिस्त्रीने त्याचा सदरा धरला. खुनाची कबुली देणाऱ्याचा, मिस्त्रीलाच मारायला निघालेल्याचा सदरा! पुतण्याने हिसडा दिला.

मिस्त्री भोकातून बघत होता.

पुतण्या बंदुकीच्या मागच्या बाजूने चालला होता. सहा पावलं. सात...

ओल्या मातीत टायर करकरला.

वळला. हळूहळू... सगळा.

"कोण आहे?" पुतण्या म्हणाला.

बार.

तो खाली बसला. पोटावर दोन्ही हात. बोटांतून रक्त गळत होतं आणि तो ते आत ढकलायला बघत होता. "काका," तो म्हणाला, "काका, नको... काका..."

डावा घोडा मागे गेला. मिस्त्रीने तो जाताना पाहिला.

दुसरा बार.

चेहरा... जाऊ द्या. मी तो कापडाने झाकला आणि मगच प्रेत उचललं, एवढंच सांगतो.

शेजाऱ्यांनी फोन केला; पावणेआठला मी पोचलो तेव्हा मिस्त्री भिंतीआड दोरी धरून बसला होता. मोजत होता. साठ झाले की परत एकपासून. पोलिसांनी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं. पण भिंत मध्ये, दोरी त्याच्या हातात, बंदुकीची एकही गाठ सुटलेली नाही, आणि उजव्या नळीतलं काडतूस न उडालेलं, जसंच्या तसं. काय लिहिणार ते?

पण पोलीस यायच्या आधी मी बॅटरी घेऊन एक चक्कर मारली होती. बंदुकीचं तोंड भिंतीकडे होतं. म्हणजे दस्ता ढिगाऱ्याकडे, जिथे संध्याकाळपासून कोणी फिरकलंच नव्हतं. माती ओली, सारवल्यासारखी सपाट. यायची पावलं नाहीत. जायची नाहीत.

फक्त दस्त्याच्या मागे, नेम धरायला माणूस बसतो तसे, गुडघे टेकल्याचे दोन खड्डे.

मी खाली वाकून हात लावला. डिसेंबरची रात्र, सगळी माती थंडगार...

ते दोन खड्डे उबदार होते.